हाताची घडी, तोंडावर बोट

सातवी 'ब'चा वर्ग. तिसऱ्या तासाला गणिताच्या बाई असतात तेव्हा पंख्याची घरघर ऐकू येते. बेल होते, बाई जातात, विज्ञानाचे नवे सर येतात आणि पाच मिनिटांत त्याच खोलीचा मासळीबाजार होतो. मुलं तीच, बाक तेच, उकाडाही तोच. बदललं ते फक्त फळ्यापुढचं माणूस. शिक्षकांच्या खोलीत या कोड्याचं उत्तर ठरलेलं असतं: बाईंचा वचक आहे, सरांचा नाही. पालकही तेच म्हणतात, आणि नवे सर उद्यापासून कडक व्हायचं ठरवून झोपी जातात. पण 'वचक' हा शब्द कोड्याला नाव देतो, उत्तर देत नाही. बाई ओरडत नाहीत, छडी हातात धरत नाहीत, कित्येकदा हसतसुद्धा असतात. तरी त्या वर्गात आल्या की मुलं वह्या उघडून बसतात. सरांचा मात्र आठवड्याभरात घसा बसतो आणि वर्ग काही बसत नाही.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत शिक्षणाच्या अभ्यासकांनी या कोड्याचा बऱ्यापैकी उलगडा केला आहे, आणि तो नव्या शिक्षकाच्या अंदाजाच्या नेमका उलट आहे. गडबड झाल्यावर शिक्षक काय करतो, यावर वर्गाची शिस्त फारशी ठरत नाही. गडबड होण्याआधी त्याने काय करून ठेवलं आहे, यावर ती ठरते. दूध उतू जायला लागल्यावर फुंकर मारणारा आणि आधीच आच कमी करणारा, या दोघांत जो फरक, तोच या दोन शिक्षकांत.

सिग्नल काय करतो

दिल्लीत कॅनॉट प्लेसच्या बाहेरच्या वर्तुळातून निघून इंडिया गेटपर्यंत जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग मराठी माणसाला आता ओळखीचा आहे, कारण नवं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. भारतीय विद्या भवनची शाळा, ब्रिटिश कौन्सिल हेही इथेच. जुने दिल्लीकर याला कर्झन रोड म्हणत. कॅनॉट प्लेसकडून थोडं पुढे आलं की याला टॉलस्टॉय मार्ग छेदतो. त्या चौकातला सिग्नल लाल झाला की शेकडो गाड्या थांबतात. सिग्नल कुणावर ओरडत नाही, कुणाला ओळखतही नाही. तो तीन गोष्टी करतो. आता काय करायचं हे एका खुणेत सांगतो. ती खूण रोज तशीच ठेवतो. आणि थांबलेल्याला खात्री देतो की तुझी पाळी येणार आहे. नियम मोडणारे तिथेही असतात, पण थोडे असतात म्हणूनच ते उठून दिसतात आणि त्यांना अडवता येतं. तोच सिग्नल बंद पडला की चौकात मधोमध पोलीस उभा राहतो, शिट्ट्या मारतो, हात हलवतो, घामाघूम होतो, आणि तरी चारी बाजूंनी हॉर्न वाजत राहतात. माणसं तीच असतात. तीन मिनिटांपूर्वी ती सज्जन होती आणि आता बेशिस्त झाली, असं आपण म्हणत नाही. आपण म्हणतो, सिग्नल गेला.

नवा शिक्षक बहुतेक वेळा असा सिग्नलशिवायच्या चौकात उभा असतो आणि दोष गाड्यांना देतो. या चौकातली दोन नावं, कस्तुरबा आणि टॉलस्टॉय, दोन्ही शिक्षणाच्या इतिहासात वर्गात येऊन गेलेली आहेत. त्यांच्याकडे पुढे यायचं आहे.

रागावण्याचं शास्त्र शोधताना

अमेरिकेत डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात जेकब कुनिन नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. एकदा त्यांच्या तासाला एक विद्यार्थी उघडउघड वर्तमानपत्र वाचत बसला होता. कुनिन त्याला रागावले. त्याने पेपर मिटला, यात नवल नव्हतं. नवल इतरांचं होतं. ज्यांना कुणी काहीच म्हटलं नव्हतं तेही सावरून बसले, खिडकीबाहेरची नजर वहीवर आली. एकाला रागावलं आणि लाट सगळ्या वर्गावर गेली. मग प्रश्न साहजिक होता: कसं रागावलं की ही लाट सर्वांत चांगली पोचते? ठामपणे की प्रेमाने? कारण सांगून की न सांगता? कुनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षं घालवली, पुढे प्राथमिक शाळांच्या वर्गांचं चित्रीकरण करून ते तपासलं. १९७० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात जे निघालं ते त्यांनाही अनपेक्षित होतं. शिक्षक कसा रागावतो आणि त्याचा वर्ग एकूण किती शिस्तीत असतो, यांचा धड संबंधच लागेना. यशस्वी आणि अयशस्वी शिक्षक जवळपास सारखेच रागवत होते.

फरक दुसरीकडे होता. ज्यांचे वर्ग चांगले चालत त्यांच्यात पहिली गोष्ट दिसली ती अशी, की वर्गात कुठे काय चाललं आहे हे त्यांना ठाऊक असे, आणि ते ठाऊक आहे हे मुलांनाही ठाऊक असे. याला आपण 'वर्गभान' म्हणू. फळ्यावर लिहितानाही पाठ पूर्ण वळवायची नाही, एका मुलाची वही तपासताना डोळे मधूनमधून खोलीभर फिरवायचे, आणि मुख्य म्हणजे बोलायचं ते ज्याने सुरुवात केली त्याच्याशी आणि वेळेवर. नव्या शिक्षकाच्या दोन चुका नेहमी इथेच होतात. खोड काढणारा सुटतो आणि 'आई गं' म्हणणारा सापडतो. किंवा कुजबुज सुरू झाल्यावर शिक्षक दुर्लक्ष करतो आणि ती चार बाकांवर पसरल्यावर भडकतो. दोन्ही वेळी वर्ग एकच गोष्ट शिकतो: यांना दिसत नाही.

दुसरी गोष्ट कामाचा ओघ. अपूर्णांकांची बेरीज समजावता समजावता शिक्षकाची नजर खिडकीखाली पडलेल्या डब्याच्या पिशवीवर जाते. 'ही कुणाची? रोज सांगायचं का?' चौकशीत दोन मिनिटं जातात. मग 'हं, तर आपण कुठे होतो?' त्या दोन मिनिटांत छत्तीस मुलांपुढे काम नव्हतं. मूल रिकामं बसू शकत नाही, ते आपलं काम स्वतः शोधतं, आणि ते शेजाऱ्याच्या कंपासपेटीत सापडतं. भाषेचं पुस्तक मिटायला सांगून गणिताचं उघडायला लावल्यावर पुन्हा 'अरे, भाषेचा गृहपाठ किती जणांनी केला?' असं मागे जाणंही त्यातलंच. मुलं बेशिस्त होतात असं आपल्याला दिसतं, पण त्याआधी तास तुटलेला असतो.

'खाली बसा' म्हटलं की मुलं उभी राहतात

१९६८ साली वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका पहिलीच्या वर्गात साधा प्रयोग केला. मुलं वारंवार जागेवरून उठत होती. शिक्षिकांना सांगितलं, 'खाली बसा' हे आणखी जास्त वेळा म्हणा. प्रमाण सुमारे तिपटीवर गेलं, आणि उभं राहणाऱ्यांची संख्या घटायच्या ऐवजी वाढली. पुन्हा पूर्वीइतकंच म्हणायला लावलं, संख्या उतरली. हुकूम वाढवला, पुन्हा चढली. जेव्हा शिक्षिका बसून काम करणाऱ्या मुलांचं कौतुक करू लागल्या तेव्हा कुठे उभं राहणं खरोखर कमी झालं.

यामागची घडण समजून घेण्यासारखी आहे. सहा वर्षांच्या मुलाला शिक्षकाचं लक्ष हवं असतं, आणि ते रागाचं असलं तरी चालतं. जे बसलं आहे त्याच्याकडे कुणी पाहत नाही, जे उठतं त्याचं नाव घेतलं जातं. म्हणजे उठण्याला पगार मिळतो आणि बसणं बिनपगारी राहतं. पण सापळ्यात मूल एकटं अडकत नाही, शिक्षकही अडकतो. 'खाली बस' म्हटल्याबरोबर ते मूल क्षणभर बसतंच. शिक्षकाला वाटतं, उपाय लागू पडला. दोन मिनिटांनी दुसरं उठतं, मग तिसरं. प्रत्येक वेळी हुकूम क्षणापुरता यशस्वी होतो आणि दिवसाच्या हिशोबात हरतो. ओरडण्याची सवय अशीच लागते. तिचं कारण स्वभावात शोधण्याची घाई करू नये.

आवाजाचंही तसंच. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली दाखवून दिलं, की भोवती गलका असला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. लग्नाच्या मांडवात सनई-चौघडा थांबला की आपण किती ओरडून बोलत होतो हे अचानक लक्षात येतं, तीच गोष्ट. आता वर्गाकडे पाहा. मुलं बोलतात म्हणून शिक्षक आवाज चढवतो, त्या आवाजावर आपलं बोलणं ऐकू जावं म्हणून मुलं चढवतात, सिमेंटच्या उघड्या भिंती ते सगळं परत फेकतात. कोणी कुणाचा अपमान करत नसतो, कान आणि घसा आपलं काम करत असतात. शिक्षकाने एका जागी उभं राहून आवाज उतरवला, तर ही शिडी उतरता येते. ओरडून ती फक्त चढता येते.

चाळीस वह्या, चाळीस मुलं

मग आधी करून ठेवायचं ते काय? टेक्सास विद्यापीठातल्या एडमंड एमर, कॅरोलिन एव्हर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरीच्या शिक्षकांना शाळेच्या अगदी पहिल्या दिवसापासून पाहिलं आणि पुढे वर्षभर त्यांच्या वर्गांकडे लक्ष ठेवलं. १९८० साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की वर्ष कसं जाणार हे पहिल्या काही आठवड्यांत दिसून येतं. ज्यांचे वर्ग पुढे नीट चालले त्यांनी सुरुवातीच्या दिवसांत नियम नुसते वाचून दाखवले नव्हते. बारीकसारीक कामं कशी करायची ते करून दाखवलं, मुलांकडून करवून घेतलं, चुकलं तर पुन्हा करवलं. पाढे शिकवावेत तसं.

एकच काम जवळून पाहू: तपासलेल्या वह्या परत देणं. नवे सर गठ्ठा टेबलावर ठेवतात आणि एकेक नाव पुकारतात. 'अ' नावाचं मूल उठून येतं, 'आ' चुकून त्याच्याच मागे येतं, कुणाची वही सापडत नाही, कुणी दुसऱ्याचे गुण बघतं, वाटेत कुणाचा पाय आडवा येतो. चाळीस नावांना प्रत्येकी दहा सेकंद धरले तरी जवळपास सात मिनिटं गेली, आणि त्यातली साडेसहा प्रत्येक मुलाने रिकामी काढली. गणिताच्या बाईंच्या वर्गात वह्या जमा होतानाच रांगेने, मागच्या बाकावरून पुढे, एकावर एक ठेवून येतात. त्यामुळे परत जातानाही रांगेच्या गठ्ठ्यानेच जातात: पहिल्या बाकावर दिला, प्रत्येकाने आपली काढून मागे सरकवला. एक मिनिट. तेवढ्यात फळ्यावर एक उदाहरण लिहिलेलं असतं, वही हातात आली की ते सोडवायला घ्यायचं. या एका मिनिटामागे जूनमधली दोन दिवसांची तालीम आहे. ती नव्या सरांना दिसलेली नाही. त्यांना दिसतो तो वचक.

हिशोब मोठा होतो. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन ठरवलं आहे. दिवसाचे आठ तास आणि प्रत्येक तासातली पाच मिनिटं अशी सांडली तर दिवसाला ४० मिनिटं, वर्षाला ८,८०० मिनिटं, म्हणजे सुमारे १४६ तास. हजारातला जवळजवळ सातवा हिस्सा कुणी चोरला नाही, तो वह्या वाटण्यात आणि 'शांत बसा'मध्ये गेला.

नव्या शिक्षकाला हे ठाऊक का नसतं, याचं एक कारण आपल्या प्रशिक्षणाच्या रचनेतच आहे. दोन वर्षांच्या बी. एड. मध्ये किमान २० आठवडे शाळेत काढावे लागतात आणि ही तरतूद चांगलीच आहे. पण प्रशिक्षणार्थी जातो तो बहुधा वर्ष बरंच पुढे सरकल्यावर, दुसऱ्या कुणीतरी घडवलेल्या वर्गात. पाठ टाचण लिहून, तक्ते लावून तो पाठ घेतो, मागे निरीक्षक बसलेले असतात, मुलं शांत असतात. वर्ग घडताना त्याने पाहिलेला नसतो, घडलेला वर्ग पाहिलेला असतो. मग नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याच्या पुढ्यात असं काही येतं ज्याचा सराव त्याने कधीच केलेला नाही. महाराष्ट्रात हा पहिला आठवडा जूनच्या मध्यावर येतो, विदर्भात जूनअखेर. दिल्लीत तो दोनदा येतो: वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत सुट्टी लागते. सहा आठवड्यांत लावलेल्या सवयी तेवढ्याच दिवसांच्या सुट्टीत विसरल्या जातात. दिल्लीतल्या नव्या शिक्षकाने जुलैचा पहिला आठवडा पुन्हा एप्रिलसारखाच धरावा, त्यात कमीपणा नाही.

> चौकट: पहिल्या आठवड्यात शिकवायचं ते
> वर्गात शिरल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं. शिक्षक बोलू लागणार आहेत याची खूण कोणती. वही कशी द्यायची, कशी घ्यायची. पेन्सिलीला टोक कधी करायचं, पाणी प्यायला कसं जायचं. काम लवकर संपलं तर पुढे काय. मदत हवी असेल तर हात वर करून थांबताना दुसरं काय करत राहायचं. नियम चार-पाचच असावेत आणि 'चांगलं वागा' हा त्यात नसावा, कारण तो करून दाखवता येत नाही.

चोपदाराचा दंड

यावर शंका येते, की खुणेने माणसं शांत होतात हे प्रयोगशाळेत ठीक, खऱ्या गर्दीत कसं होणार? याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम पडला की समाज आरती होते. हजारो टाळ, शेकडो मृदंग, दिवसभर चालून आलेली माणसं, आवाज नुसता दणाणत असतो. चोपदार आपला दंड उंच करतात आणि बघता बघता सगळं थांबतं. पुढची माहिती, हरवल्या-सापडल्याच्या वार्ता त्या शांततेत सांगितल्या जातात. त्या दंडाने कुणाला मारलेलं नसतं. तो उंचावला की काय करायचं हे प्रत्येक दिंडीला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, आणि प्रत्येक दिंडीची रथापुढची वा रथामागची जागाही ठरलेली आहे. वारकरी स्वेच्छेने आलेला असतो, सातवीतलं मूल तसं नसतं, हा फरक खरा. पण खुणेची ताकद हातातल्या काठीत नसून ती आधी शिकलेली असण्यात असते, हे दोन्हीकडे सारखं. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हीसुद्धा एक शिकवलेली खूणच आहे. ती वाईट म्हणता येणार नाही, पण अपुरी आहे. ती मुलाला काय करायचं नाही ते सांगते आणि हात बांधून तिथेच सोडून देते. बोट तोंडावर ठेवल्यावर पुढच्या पाच सेकंदांत त्या हाताला काम मिळालं नाही, तर ते खाली येणारच.

प्रश्न विचारणं हाही कामाच्या ओघाचाच भाग. मेरी बड रो या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी तासांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा दिसलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तीन सेकंद थांबायची सवय लावल्यावर उत्तरं लांबली, अधिक मुलं बोलू लागली, आणि शिक्षकांना दटावण्याची गरजही कमी पडू लागली. नाव आधी घेऊन प्रश्न विचारला की बाकीचे एकोणचाळीस मोकळे होतात. प्रश्न आधी, मग तीन सेकंद शांतता, मग नाव, असं केलं की तेवढा वेळ चाळीसही जणांच्या डोक्यात तो प्रश्न असतो.

भितिहरवा आणि बडहरवा

आता रस्त्याच्या नावाकडे. १९१७ साली चंपारणमध्ये नीळ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा प्रश्न हाती घेतल्यावर गांधीजींनी तिथल्या खेड्यांत शाळा काढल्या. १३ नोव्हेंबरला बडहरवा लखनसेन इथे, २० नोव्हेंबरला भितिहरवा इथे, पुढे मधुबनला. शिकवायला मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि त्यांचे पती बबनराव आले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या. भितिहरव्याला सदाशिव लक्ष्मण सोमण आणि त्यांच्यासोबत कस्तुरबा होत्या. गांधीजी आत्मकथेत लिहितात, की अवंतिकाबाई शिकलेल्या होत्या, दुर्गाबेन देसाई आणि मणिबेन परीख यांना गुजरातीची जेमतेम ओळख होती आणि कस्तुरबांना तीही नव्हती. मग या स्त्रियांनी बिहारच्या मुलांना हिंदीतून शिकवायचं कसं? गांधीजींनी त्यांना सांगितलं, व्याकरण आणि लिहिणं-वाचणं यापेक्षा स्वच्छता आणि वागण्याची रीत यांकडे आधी पाहा. अक्षरं आणि अंक तेवढ्यापुरते जमतील. पुढे त्यांनीच नोंदवलं आहे, की या स्त्रियांचे वर्ग सर्वांत यशस्वी ठरले आणि अवंतिकाबाईंची शाळा तर नमुना झाली.

यात गांधीजींना अभिप्रेत होतं ते चारित्र्य आणि सेवा, वर्गाच्या व्यवस्थापनाचा सिद्धान्त मांडणं नव्हे. तरीही माझ्या मते त्यांचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. हात-पाय धुऊन येणं, नखं, केस, बसण्याची जागा, बोलण्याची रीत: हे सगळं रोज तसंच करायचं आणि करून दाखवायचं. कधीच शाळेत न बसलेल्या मुलासाठी शाळा म्हणजे आधी हा दिनक्रम असतो आणि मग अक्षर. भाषा अपुरी असणाऱ्या शिक्षिकेला आवाजाने वर्ग धरून ठेवता येणं शक्यच नव्हतं. ज्ञान कमी असलं तरी चालतं, असा अर्थ यातून काढू नये. दिनक्रम नसेल तर भरपूर ज्ञानही हवेत जातं, एवढं मात्र काढता येतं, आणि विज्ञानात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या आपल्या नव्या सरांचं दुखणं तेच आहे.

'दोन पट्ट्या दिल्या की कसे सरळ होतात'

सर्वांत जुनी हरकत हीच, आणि तिला टाळून चालणार नाही, कारण ती अनुभवातून येते. मार दिल्यावर मूल गप्प बसतं, हे खरं आहे. गांधीजींच्याच आत्मकथेत याचा पुरावा आहे. जोहान्सबर्गजवळ १९१० साली स्थापन झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर ते मुलांना शिकवत. एक सतरा वर्षांचा दांडगा मुलगा एकदा फार माजला, तेव्हा गांधीजींनी जवळची पट्टी उचलून त्याच्या दंडावर मारली. मारताना त्यांचा हात थरथरत होता. मुलगा रडला, त्याने क्षमा मागितली, आणि पुन्हा कधी आज्ञा मोडली नाही. छडीच्या समर्थकाला याहून चांगला दाखला मिळणार नाही. पण ज्याने मारलं त्याचं स्वतःचं मत काय? ते लिहितात, की आपल्याला त्याचा पश्चात्ताप अजून होतो. आणि मुलगा मारामुळे रडला नाही, त्याने मनात आणलं असतं तर उलट मारू शकला असता, त्याला कळलं ते शिक्षकाचं दुःख. म्हणजे परिणाम झाला तो पट्टीने केला, की त्याआधी जोडलेल्या नात्याने? नातं असताना पट्टी लागत नाही आणि नातं नसताना ती फक्त भीती देते, असंच त्या प्रसंगावरून मला दिसतं.

कायद्यानेही हा प्रवास केला आहे. १९७३ च्या दिल्ली शालेय शिक्षण नियमांतला ३७ वा नियम मुख्याध्यापकाला छडी मारण्याची मुभा देत असे: तळहातावर, दहापेक्षा जास्त नाही, आणि नोंदवहीत लिहून. पालकांच्या एका मंचाने याला आव्हान दिलं आणि १ डिसेंबर २००० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. कस्तुरबा गांधी मार्ग जिथे संपतो त्या इंडिया गेटच्या पलीकडेच, शेरशाह मार्गावर हे न्यायालय आहे. पुढे शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही देशभर निषिद्ध केले. 'छडी काढून घेतली पण बदल्यात काय दिलं?' ही शिक्षकांची तक्रार मात्र मला रास्त वाटते. बंदीचं परिपत्रक शाळेपर्यंत पोचलं, पण पहिला आठवडा कसा लावायचा हे तितक्या नेमाने कुणी पोचवलं नाही. ज्याच्या हातातलं एकमेव हत्यार गेलं तो शिक्षक मग अपमानाकडे वळतो. मुलाला वर्गाबाहेर उभं करतो, नावं ठेवतो. कायद्याला तेही मान्य नाही, आणि मुलाच्या मनाला तर मुळीच नाही.

टॉलस्टॉयच्या शाळेतला ढीग

दुसरी हरकत उलट्या दिशेने येते. इतक्या सवयी, इतक्या खुणा, म्हणजे मुलांची कवायतच नाही का? टॉलस्टॉय यांनी यास्नाया पोल्याना इथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली होती आणि १८६२ साली तिच्याविषयी लिहिलं. त्यात एक दृश्य आहे. शिक्षक खोलीत येतो तर मुलं जमिनीवर एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडलेली, आरडाओरडा चाललेला. शिक्षक कुणाला ओढत नाही. तो कपाटाकडे जातो आणि जवळच्या मुलांना पुस्तकं देऊ लागतो. ढिगाच्या वरची मुलं पुस्तक मागायला उठतात. ढीग विरघळतो. उरलेल्या एकदोघांना इतरच गप्प करतात, आणि थोड्या वेळाने वाचणाऱ्यांची शांतता पसरते. टॉलस्टॉय हा बळजबरीविरुद्धचा पुरावा म्हणून मांडतात, आणि तो आहेच. पण त्यात कुनिनही सापडतो. कपाट जागेवर होतं, पुस्तकं हाताशी होती, त्या पुस्तकांत मुलांना गोडी वाटेल असं काही होतं, आणि शिक्षकाने ढिगाकडे लक्ष न देता काम सुरू केलं. ढिगाला पगार मिळाला नाही, वाचनाला मिळाला.

गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला नवा शिक्षक पहिल्या दिवशी चौथीच्या मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावतो आणि खेळ साफ फसतो. मुलं आवाज काढतात, हसतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो आणि तीच मुलं भोवती गोळा होतात. या गिजुभाईंबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्तीत काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे आपल्याकडे बोर्डी आणि कोसबाडला आल्या. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणावर शाळा भरवली गेली. शाळेची भिंतच नाही, तिथे हाताची घडी कुणाला घालायला लावणार? पण दिनक्रम तिथेही होता, फक्त तो मुलाच्या दिवसाला धरून बेतलेला होता. सवय आणि स्वातंत्र्य यांचं वैर नाही. कपाट कुठे आहे आणि ते न विचारता उघडता येतं हे ज्याला ठाऊक आहे, तेच मूल मोकळं असतं. ज्याला प्रत्येक गोष्टीसाठी 'बाई, जाऊ का?' विचारावं लागतं ते नाही.

साठ मुलांचं काय?

शेवटची हरकत संख्येची. कायदा सहावीपासून ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, पण प्रत्यक्षात पन्नास-साठ मुलं एका खोलीत बसलेली कितीतरी ठिकाणी दिसतात. तिथे ही सगळी शास्त्रं कशी चालायची? याचं अर्धं उत्तर असं, की संख्या वाढते तशी दिनक्रमाची गरज वाढतेच. दहा मुलांना नाव पुकारून वह्या देता येतात, साठांना नाही. उरलेलं अर्धं उत्तर शिक्षकाच्या हातात नाही आणि त्याच्या माथी मारूही नये. वर्गभानाला मर्यादा असते. साठ चेहऱ्यांवरून नजर फिरते, पण साठ वह्यांत ती उतरत नाही. वर्ग भरून ठेवायचे आणि मग शिक्षकासाठी व्यवस्थापनाचं शिबिर घ्यायचं, हा त्याच्यावर अन्यायच आहे.

तरी सवयी लागल्यावर एक गोष्ट घडते, आणि ती नव्या शिक्षकाला आधी सांगायला हवी. समाज आरतीला सगळे टाळ थांबल्यावर कधीकधी एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. तो उद्धटपणा नसतो. त्या दिंडीची काही तक्रार आहे, ही तिची रीतसर खूण असते. चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकतात, मग टाळ थांबतात. सगळीकडे गोंगाट असताना ते टाळ कुणाला ऐकूच आले नसते. सातवी 'ब'मध्येही पहिल्या महिन्यानंतर आवाज उरतो तो असाच, एकदोन कोपऱ्यांतला. शेवटच्या बाकावरचा मुलगा नेमका फळ्यावरचं उतरवून घ्यायच्या वेळीच शेजाऱ्याशी बोलतो, रोज. बाकीचे अडतीस जण लिहीत असतात, म्हणून सर बाकांमधून मागे जाऊन त्याच्याशेजारी उभे राहू शकतात, खाली वाकू शकतात आणि हळू आवाजात विचारू शकतात, की बाळा, तुला इथून फळा दिसतो का.